कोर्टातून कायदेमंडळात : हैदराबादचे कोरटकर पिता-पुत्र

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी माणसाला वकिली करायची तर आधी उर्दू पक्की करावी लागे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे मराठी बोलणारे; पण अर्ज, जबाब, निकाल सगळं उर्दूतून. त्यामुळे शेतकऱ्याच्या तक्रारीला सरकारदरबारी वाट करून देणारा माणूस म्हणजे गावचा किंवा तालुक्याचा वकील. संस्थानातलं राजकारण घडवणाऱ्यांत वकिलांची संख्या एवढी मोठी का, याचं उत्तर इथे सापडतं.

या परंपरेच्या आरंभी केशवराव कोरटकर उभे आहेत. जन्म १८६७, जुन्या परभणी जिल्ह्यातल्या पुरजळचा. गुलबर्ग्यात वकिलीत जम बसवल्यावर १८९६ साली ते हैदराबादेत आले. पुढे ते संस्थानच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. सुलतान बाजारातल्या आर्य समाजाचं नेतृत्वही त्यांच्याकडे होतं. टिळक आणि गोखले या दोघांबद्दलही त्यांना आदर होता, मात्र संस्थानात उघड राजकीय चळवळ चालवू दिली जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. शाळा आणि सामाजिक परिषदा यांना मात्र कायद्यात जागा होती, आणि केशवरावांनी ती पुरेपूर वापरली.

१९०७ साली वामनराव नाईक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली. सुलतान बाजार, काचीगुडा आणि पुढे थेट अंबरपेठेपर्यंत पसरलेल्या मराठी वस्तीतल्या कित्येक पिढ्या या शाळेने घडवल्या.

ही शाळा हैदराबादच्या सार्वजनिक आयुष्याचं सभागृहही ठरली. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली इथेच सामाजिक परिषद भरली. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलायला उठले, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली आणि त्यांना भाषण पुरं करता आलं नाही. दुखावलेल्या तेलुगू कार्यकर्त्यांनी लगोलग आंध्र जनसंघ स्थापन केला. माडपाटी हनुमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव ही त्यातली मोठी नावं. बुर्गुल तर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, मराठी जाणणारे. उर्दूच्या सक्तीने आपली भाषा मागे पडते म्हणून तळमळणाऱ्या मराठी समाजाकडून शेजारच्या भाषेचा असा अवमान व्हावा, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

सरकारचा फास पुढे आवळतच गेला. खासगी शाळांना परवानगीची अट आली. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकुमाने सभेसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशनं संस्थानाबाहेरच घ्यावी लागली : १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२८ मध्ये पुण्याला न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली. १९३२ साली केशवराव वारले, तेव्हा संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीचा मागमूसही नव्हता.

त्यांचे पुत्र विनायकराव वेगळ्या मुशीत घडले. हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत संस्कृत-हिंदीच्या वातावरणात ते शिकले. ‘विद्यालंकार’ ही तिथली पदवी त्यांच्या नावालाच चिकटली. त्यानंतर लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. वेदांचा अभ्यास आणि इंग्रजी कायदा या दोन्हींचे संस्कार घेऊन त्यांनी हैदराबादेत वकिली सुरू केली.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेआधीच बंदी आली. त्याच वर्षी धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्यासाठी आर्य समाजाने सत्याग्रह पुकारला. त्याचे आठवे सर्वाधिकारी, म्हणजे सत्याग्रहींच्या तुकडीचे प्रमुख, म्हणून विनायकरावांची निवड झाली होती. त्यांची तुकडी निघण्याआधीच, ऑगस्ट १९३९ मध्ये, सत्याग्रह थांबला. पुढच्याच वर्षी त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात केशव स्मारक विद्यालय काढलं. उर्दूचं वर्चस्व असलेल्या राजधानीत तिथे हिंदीतून शिक्षण मिळू लागलं. या संस्थेच्या परिवारात आज अभियांत्रिकी आणि कायद्याची महाविद्यालयंही आहेत.

त्यांची खरी कसोटी १९४७-४८ मध्ये लागली. भारत स्वतंत्र झाला, पण निजामाने विलीनीकरण नाकारलं. कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाची पाठराखण करणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव हैदोस घातला. जिथे फिर्याद नोंदवणंच धोक्याचं, तिथे कोर्टात युक्तिवाद कसला करायचा? विनायकरावांच्या पुढाकाराने वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. हातची वकिली सोडणं म्हणजे घरच्या मिळकतीवर पाणी सोडणं होतं, तरीही संस्थानातले अनेक नामांकित वकील त्यात उतरले. वडिलांनी कायद्याच्या चौकटीत राहून जे साधलं, त्याच्या पुढचं पाऊल मुलाला त्या चौकटीबाहेर पडून टाकावं लागलं. वडील ज्या न्यायव्यवस्थेत न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले होते, तिच्याकडेच पाठ फिरवण्याचा हा निर्णय होता. कायद्यावर श्रद्धा असलेल्या माणसाचा यापेक्षा तीव्र निषेध दुसरा कोणता असू शकेल!

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. विनायकराव त्यांच्या मंत्रिमंडळात होते, भोकरचे वकील दिगंबरराव बिंदू गृहमंत्री होते आणि विधानसभेचे अध्यक्ष होते ज्येष्ठ वकील काशिनाथराव वैद्य. सभेची परवानगी मागण्यात ज्यांची उमेद खर्ची पडली, त्यांच्याकडे आता विधेयकं मांडण्याचं आणि सभागृह चालवण्याचं काम आलं होतं.

ते लोकनियुक्त राज्य मात्र पाच वर्षंही टिकलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादचे तीन भाग झाले : मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्रात. कोरटकरांचं मूळ गाव एका राज्यात, कर्मभूमी दुसऱ्या राज्यात. विनायकराव हैदराबादेतच राहिले. १९५७ साली याच शहराने त्यांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं. तेलुगू आणि उर्दू भाषकांची बहुसंख्या असलेल्या मतदारसंघाने पुरजळच्या कोरटकरांच्या मुलाला आपला प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं.