जुन्या मोटारीचा रंग आणि मेणाचा लेप

चाळीस-पन्नास वर्षे वापरात असलेल्या एखाद्या मोटारीच्या टपावरून बोट फिरवून पाहावे. पुष्कळदा बोटाला खडूसारखी भुकटी लागते. मोटार निळी असेल तर भुकटीलाही निळसर छटा असते. ही धूळ नव्हे. हा मोटारीचा स्वतःचाच रंग होय. मोटार धुतली असता ती क्षणभर तजेलदार दिसते, परंतु पाणी वाळताच पुन्हा निस्तेज होते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी मोटारीचा रंग कशाचा बनलेला असतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

रंगाची घडण

कोणत्याही रंगात मुख्यतः दोन घटक असतात. एक, रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण. आणि दुसरा, त्या कणांना एकत्र धरून पत्र्याला चिकटवून ठेवणारे बंधक द्रव्य. आरंभीच्या मोटारींना जवसाच्या तेलासारख्या तेलांपासून बनविलेले रोगण कुंचल्याने लावीत, आणि सर्व थर वाळून काम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड मोटारीसाठी 'ड्यूको' नावाचे नवे रोगण वापरले. ते कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक व सल्फ्युरिक अम्लांची क्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपासून केलेले होते. ते फवाऱ्याने लावता येई आणि त्यातील विद्रावक उडून जाताच थोड्या वेळात वाळे. हे नाव इतके रूढ झाले की, आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या रंगालाच पुष्कळ लोक 'ड्यूको' म्हणू लागले.

पुढे इनॅमल व ॲक्रिलिक रंग आले. रंगावर निराळा पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८०नंतरच्या काळात सर्वत्र पसरली. त्यापूर्वीच्या बहुतेक मोटारींत असा थर नसतो. रंगद्रव्य थेट वरच्या पृष्ठभागापर्यंत असते. म्हणून अशी मोटार घासली की फडक्याला रंग लागतो.

तकाकी का जाते?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे बंधक द्रव्याचे रेणू तुटतात आणि हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो. बंधक हळूहळू झिजते, रंगद्रव्याचे कण उघडे पडतात व पृष्ठभाग खडबडीत होतो. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो; त्यामुळे रंग फिकट व पांढुरका दिसतो. टप आणि बॉनेट यांवर ऊन सरळ पडते, म्हणून दरवाजांपेक्षा त्यांची हानी लवकर होते.

शाळेतील दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर दिसते आणि वाळली की करडी होते. पाणी खाचांत भरून पृष्ठभाग तात्पुरता सपाट करते, एवढेच त्याचे कारण. धुतलेल्या मोटारीची क्षणिक चकाकीही अशीच असते.

पॉलिश आणि मेण यांतील भेद

या दोन गोष्टी लोक एकच समजतात. पण त्यांचे कार्य परस्परांहून अगदी निराळे आहे. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते वरचा मृत थर खरवडून काढतात आणि खालचा चांगला रंग उघडा करतात. मोटारीच्या रंगाची एकूण जाडी साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे कागदाच्या एका पानाइतकी असते. कडांवर व कंगोऱ्यांवर ती आणखी कमी असते. प्रत्येक पॉलिशाने या ठेवीतून काही खर्ची पडते आणि ती पुन्हा भरून येत नाही.

मेण काहीही काढून घेत नाही. ते वर बसते. मोटारीच्या मेणांत कार्नोबा मेणाला मोठे स्थान आहे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर ते आढळते. कोरड्या हवेत पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांच्या दरम्यान. म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ते टिकते. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन ओघळतात. मेण रंगाचे 'पोषण' करते ही समजूत मात्र खरी नाही, आणि अतिनील किरणांनाही ते फारसे अडवीत नाही. धूळ, पाणी व पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला आघात ते स्वतःवर घेते आणि झिजून जाते. पाण्याचे थेंब धरेनासे झाले की नवा लेप द्यावा.

निगा कशी राखावी?

मोटार सावलीत उभी करावी व पत्रा थंड होऊ द्यावा. भरपूर पाण्याने धूळ वाहवून टाकावी; धुळीवर फडके घासल्यास चरे पडतात. नंतर सौम्य साबणाने धुऊन कोरडे करावे. पॉलिश आवश्यकच असेल तर सर्वांत सौम्य घ्यावे, आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे, हातानेच घासावे आणि तकाकी येताच थांबावे. त्यानंतर मेणाचा अगदी पातळ हात द्यावा व तो वाळल्यावर मऊ, स्वच्छ फडक्याने पुसावा.

जुन्या नायट्रोसेल्युलोज रंगातील मऊपणा राखणारे द्रव्य कालांतराने निघून जाते. रंग आकसतो व त्याला बारीक भेगा पडतात. अशा जागी घासू नये. मेणही भेगांत अडकून पांढऱ्या रेषा उमटतात. ही हानी कोणत्याही लेपाने बरी होत नाही.

मग नवा रंगच का देऊ नये, असे कोणी विचारील. उत्तरपाडा येथील कारखान्यात ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत कुर्ला येथे होणारी प्रीमियर पद्मिनी त्यापूर्वीच बंद झाली होती. कारखान्यात दिलेला त्या काळचा रंग हा त्या काळच्या रसायनविद्येचा व कारागिरीचा पुरावा आहे. नवा रंग केव्हाही देता येईल. पहिला मात्र एकदा गेला की परत आणता येणार नाही. म्हणून पॉलिश क्वचित करावे, मेण वेळोवेळी लावावे आणि मोटार शक्यतो सावलीत ठेवावी.