आचऱ्याच्या पुळणीवर एअरबँड

घरातला एफएम 108 मेगाहर्ट्‌झला थांबतो. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष बोलतात ते त्याच्या वर, 118 ते 137च्या पट्ट्यात, म्हणजे एअरबँडवर, आणि तेही एएम पद्धतीनं. ते ऐकायला संच घेताना हे दोन्ही नीट बघून घ्या. एएमच का? दोघं एकाच वेळी बोलले तर एफएमवर दुबळा आवाज पार दबतो. एएमवर शिट्टीसारखी घरघर येते आणि कुणीतरी मध्ये बोललं, हे कळतं. आकाशात हे कळणं फार मोलाचं.

या लहरी सरळ रेषेत जातात. 2021मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ आचऱ्याहून सरळ रेषेत सुमारे 25 किलोमीटर, पण मध्ये सडे आडवे आले की जमिनीवरचा आवाज अडतो. 35,000 फुटांवरचं विमान मात्र तीनशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. अँटेना सुमारे 59 सेंटिमीटरची, उभी धरायची. खाऱ्या वाऱ्यानं तिच्या पितळी जोडावर हिरवट थर चढतो. घरी येताच सुक्या फडक्यानं पुसा.

खरेदीआधी परवान्याची चौकशी दूरसंचार विभागाकडे कराच. बिनतारी संच बाळगण्यावर आपल्याकडे 1933च्या कायद्यापासून बंधनं आहेत.