गालक, छायाचित्रणातील : जतन व वाहतूक
कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवावयाच्या काचेच्या वा रेझिनाच्या पारदर्शक चकतीस गालक किंवा फिल्टर म्हणतात. तीवरील चरे व बुरशी यांमुळे प्रकाश विखुरला जाऊन प्रतिमा निस्तेज होते. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या कोरडवाहू भागात उन्हाळ्यात धूळ, तर जून ते सप्टेंबरमध्ये दमटपणा, असे दोन्ही धोके संभवतात. धुळीतील क्वॉर्ट्‌झाचे कण काचेहून कठीण असल्याने गालक प्रथम फुंकणीने झटकून मगच मऊ कापडाने पुसावा. प्रत्येक गालक अस्तर लावलेल्या स्वतंत्र कप्प्यात उभा ठेवावा. सुटा गालक किल्ल्या-नाण्यांसोबत पिशवीच्या खिशात टाकण्याची सवय घातक होय. सारख्या व्यासाचे आटेदार गालक एकमेकांत फिरवून दोन्ही टोकांस झाकणे लावल्यास जागा वाचते. मात्र घट्ट आवळल्यास आटे अडकतात. ध्रुवणकारी गालकात दोन काचांमध्ये पातळ पटल चिकटविलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील उष्णतेने ते बिघडू शकते. हवाबंद डबी पावसाळ्यात सर्वस्वी सुरक्षित समजली जाते, ते बरोबर नाही. ओलसर गालक तीत ठेवल्यास ओल कोंडून बुरशी धरते. म्हणून तो पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह ठेवतात. ओल शोषून संपृक्त झालेले जेल तापवून पुन्हा वापरता येते.