लेकीची डॉक्टरकी आणि फीचा हिशेब



बारावीचं वर्ष सुरू झालं की गटाच्या मासिक बैठकीत बचत आणि हप्ते गोळा झाल्यावर एक विषय हमखास निघतो. ‘पोरगी हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते, पण एवढा पैसा आणायचा कुठनं?’ त्यावर दुसरी कुणी सांगते, ‘अगं, सगळा खर्च देणारी स्कॉलरशिप असते म्हणे.’ कुठली, कुणाला, कधी मिळते, हे मात्र कुणालाच नीट ठाऊक नसतं. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांचा सगळा खर्च एका कुणी उचलला नव्हता. दागिने विकले, लोकांनी वर्गणी दिली, तिकडच्या कॉलेजनं शिष्यवृत्ती दिली, एका अमेरिकन बाईनं घरात आसरा दिला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानानं त्यांना आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी नेमलंही होतं. पण कामावर रुजू होण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. पुढे शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांना डॉक्टरीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि शिकून आल्यावर त्याच हॉस्पिटलात नोकरी दिली. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं आपलं सीपीआर. तिथंच आता महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं-मुली शिकतात.

आजही पैसा असाच जोडून आणावा लागतो. एका ठिकाणाहून फी सुटते, दुसरीकडून राहण्याचा खर्च मिळतो, उरलेलं तिसरीकडून भागवायचं. फरक इतकाच की आज यातलं बरंचसं सरकारी योजनांत बसतं. फक्त ते वेळेवर मागावं लागतं.

सगळ्यात मोठी मदत कुठली? सरकारी कॉलेजातली जागा. नीट परीक्षेच्या गुणांवर ती मिळते. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या आणि १५ टक्के देशभरातल्या मुलांसाठी असतात. आपल्याला कोल्हापूर जवळ, मिरज त्याहून जवळ. तिथली वर्षाची फी लाखाच्या वर जाते, हे खरं. पण खाजगी कॉलेजात तीच कित्येक लाखांवर पोचते. म्हणून फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरताना घराजवळचं खाजगी कॉलेज वर आणि लांबचं सरकारी खाली, असं करू नका. नांदेड किंवा गोंदियाचं सरकारी कॉलेज लांब वाटतं, पण साडेपाच वर्षांत जमीन वाचवतं.

आता मुलींसाठीची मोठी सवलत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केलं आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, मराठा समाजाचा एसईबीसी प्रवर्ग आणि ओबीसी यांतल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी ही सवलत आहे. पूर्वी यांतल्या बऱ्याच जणींना निम्मीच फी मिळायची. यात डॉक्टरकीही येते.

पण एक अट पक्की लक्षात ठेवा. प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि अभिमत विद्यापीठाच्या कॉलेजला ही माफी लागू नाही. ‘ओळखीनं सीट मिळवून देतो, फी नंतर सरकार भरतंय’ असं सांगणारा एजंट दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या वाटेनं गेलेल्या घरांची शेतं विकली जातात, आणि माफीही हातची जाते.

अनुसूचित जातीच्या मुला-मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप योजनेतून फी मिळते. अनुसूचित जमातीसाठीही अशीच योजना आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. आणि एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नव्यानं भरावे लागतात.

फी सुटली म्हणजे खर्च संपला असं नाही. खोली, मेस, अनामत रक्कम, पुस्तकं, ॲप्रन हे सगळं माफीच्या बाहेर राहतं, आणि घरचं गणित नेमकं इथंच बिघडतं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. म्हणून सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी भरायचा आणि तिथं जागा नाही मिळाली तर या योजनेचा.

सगळाच खर्च उचलणारं एक ठिकाण आपल्या राज्यात आहे, पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. लोक त्याला एएफएमसी म्हणतात. तिथं शिक्षण आणि राहणं सरकारी खर्चानं होतं. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर सैन्यदलात ठरलेली वर्षं नोकरी करावी लागते. मुलींच्या जागा थोड्या असतात. नीटचे गुण खूप वरचे लागतात आणि नंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत होते. पोरीची तयारी असेल तर वाट जरूर धरावी, पण त्या एकाच वाटेच्या भरवशावर राहू नये.

खाजगी संस्थांच्याही शिष्यवृत्त्या आहेत. बारावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण आणि घरचं उत्पन्न ६ लाखांच्या आत असेल, तर कोटक कन्या शिष्यवृत्तीतून नावाजलेल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला वर्षाला दीड लाखापर्यंत मदत मिळते. त्याचा अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. तरीही कमी पडलं, तर बँकेचं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सावकार किंवा मायक्रोफायनान्सच्या दारात जाण्याआधी बँकेत विचारा.

आता कागद. आमच्या अनुभवानं सांगतो, फी माफी गुणांमुळे जेवढी हुकते त्याहून जास्त कागदांमुळे हुकते. अकरावीतच फाइल करा. जातीचा दाखला, वय-अधिवास, आधारला जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं आणि रेशनकार्ड ही पहिली तयारी. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत कॉलेजमार्फत भरा, कारण त्याला महिनोन् महिने लागतात. निकालाची वाट बघत बसू नका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल लागला की शिरोळला तहसीलचं काम किंवा गावातलं आपले सरकार केंद्र गाठा. एक वर्ष थांबून नीट पुन्हा दिली असेल तर गॅप सर्टिफिकेटही लागतं.

आपल्या वाडीला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. प्रवेशाच्या फेऱ्या बहुतेक वेळा पावसाळ्यात येतात, आणि त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरातलं काय काय भिजलं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून सगळ्या कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्ये आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जुलैपासून जयसिंगपूर किंवा इचलकरंजीच्या पाहुण्यांकडे ठेवले तरी चालतील. फेरीची शेवटची तारीख पुरासाठी थांबेल असं धरून चालू नका.

गटानं काय करायचं? जूनच्या बैठकीत दहावी ते बारावीच्या मुलींची यादी करायची. दहावी पास झालेल्या ओबीसी, भटक्या विमुक्तांच्या मुलींना महाज्योतीचं नीटचं मोफत प्रशिक्षण मिळू शकतं, त्याचा अर्ज तेव्हाच भरायचा. सरकारी पैसा खात्यात यायला उशीर लागतो, म्हणून अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांच्या मेससाठी गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं आणि भत्ता जमा झाल्यावर परतफेड घ्यायची. माफीची फी कॉलेजनं आधी भरायला सांगितली, तर एकट्या आईनं खिडकीशी वाद घालण्यापेक्षा गटातल्या दोघी-तिघींनी सोबत जाऊन ‘हे लेखी द्या’ म्हणावं. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं.

शेवटी बंधपत्राबद्दल. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला वर्षभर सरकारी सेवा करावी लागते. ऐकून बिचकू नका. त्या वर्षाचा पगार मिळतो आणि बहुतेक वेळा ती सेवा आपल्यासारख्याच एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात असते. जिथं आपण बाळंतपणासाठी लेकीला नेतो आणि बाई डॉक्टर आहे का म्हणून विचारतो, तिथं.

तेव्हा येत्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवा. तिच्यात पहिल्या पानावर गावातल्या मुलींची नावं, दुसऱ्यावर लागणारे कागद आणि तिसऱ्यावर तारखा लिहा. काही अडलं तर आम्हाला विचारा. आम्हीही तुमच्यासोबत तहसीलच्या रांगेत उभ्या राहू.