नजरेवर लावलेले पैसे

आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. डोळे हलताना काही केल्या दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते चांगले दिसतात. नजर उडी मारते तेवढ्या क्षणापुरते मेंदू दिसणे दाबून टाकतो. अशा उड्या सेकंदाला तीन-चार. हात लांब करून अंगठा धरला तर साधारण त्याच्या नखाएवढाच भाग आपल्याला खरा स्पष्ट दिसतो, बाकी सगळे अंधुक. म्हणून हे नख दिवसभर जगावरून फिरवत राहावे लागते.

ते कुठे फिरते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी टिपले. डोळ्यावर चोखून बसणारी चिमुकली टोपी, तिच्यावर आरसा, पापण्या चिकटपट्टीने ताणलेल्या! (वाचतानाच डोळ्यांत पाणी येते.) समोर इल्या रेपिन यांचे चित्र: हद्दपारीतून अवचित घरी परतलेला माणूस आणि चकित झालेले घरचे. ‘यांची वये सांगा’ म्हटले की नजर चेहऱ्यांवर. ‘घरची परिस्थिती कशी वाटते?’ म्हटले की कपड्यांवर आणि सामानावर. ‘किती काळाने परतला?’ म्हटले की चेहऱ्याचेहऱ्यांत येरझारा. 1965च्या पुस्तकातल्या नजरेच्या वाटेच्या या रेघा पुढे गाजल्या. असे एकूण सात रेघाटे होते; ते सातही एकाच माणसाचे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

माणसे वाढली की पंचाईत सुरू होते. तेच चित्र, तोच प्रश्न, तरी दोघांच्या नजरेची वाट एक नसते. मग ‘नजर इथे पडेल’ असे छातीठोक सांगण्याऐवजी संख्याशास्त्रज्ञ जत्रेतल्या चित्रांच्या पटासारखा डाव मांडतात. हाती शंभर पैसे. ते चित्रभर वाटायचे. नजर पडेल तिथे जितके पैसे लावलेले, तितके गुण जास्त. एखादी जागा पार कोरडी सोडली आणि नजर नेमकी तिथेच पडली, तर डाव साफ बुडाला.

1998मध्ये इट्टी, कोच आणि नीबर यांनी रंग, उजेड आणि रेषांची दिशा यांतला फरक मोजून पैसे लावणारे प्रारूप दिले. शेजाऱ्यांहून वेगळे दिसेल ते नजर खेचेल, असा हिशेब. पण 2009मध्ये एमआयटीच्या टिल्की जड आणि सहकाऱ्यांनी 15 जणांना 1003 छायाचित्रे दाखवली, तेव्हा 40 टक्के नजरा मधल्या 11 टक्के जागेतच पडल्या. चित्राकडे न बघता सगळे पैसे मध्याभोवती लावणारा अडाणी नियम अशा हुशार प्रारूपांना मागे टाकत होता! छायाचित्रकार मुख्य वस्तू मध्यभागी ठेवतात म्हणून असे होते, असे वाटेल. पण बेंजामिन टॅटलर यांनी 2007मध्येच दाखवले होते की लक्षवेधी गोष्टी कडेला असल्या तरी नजर मध्याकडे झुकतेच. तेव्हापासून नव्या प्रारूपाची पहिली झुंज या अडाणी नियमाशी लावतात.

आणि यार्बुस? 2012मध्ये ग्रीन, लिऊ आणि वुल्फ यांनी 16 जणांच्या नजरा नोंदवून उलटा प्रश्न विचारला: रेघांवरून बघणाऱ्याला दिलेले काम ओळखता येईल का? चार कामांपैकी एक ओळखायचे होते; यंत्राला जमले नाही, माणसांनाही नाही. दोन वर्षांनी बोरजी आणि इट्टी यांनी त्याच नोंदी वेगळ्या रीतीने चाळल्या. डोळे मिटून सांगितले तरी शंभरात 25 बरोबर यावेत. त्यांचे 34 आले.