मदरबोर्डवरील पुनरावर्ती बिघाडांचे निदान

लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील एखादा सुटा भाग बदलूनही तो पुन्हा पुन्हा निकामी होत असेल, तर त्या बिघाडास पुनरावर्ती बिघाड म्हणता येते. अशा वेळी जळालेला भाग हा बहुधा केवळ परिणाम असतो व मूळ कारण परिपथात अन्यत्र असते. काही लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिपही मदरबोर्डवरच डाखलेल्या असतात. त्यामुळे निदान चुकल्यास त्यांतील माहितीही कायमची गमावण्याचा धोका असतो.

कारणे

अडॅप्टरकडून येणारा सुमारे १९ व्होल्टचा विद्युतदाब बक कन्व्हर्टर हा परिपथ प्रोसेसरसाठी १ व्होल्टच्या आसपास आणतो. त्यात वरचा व खालचा असे दोन मॉसफेट आळीपाळीने चालू-बंद होतात. खालचा मॉसफेट शॉर्ट झाल्यास वरच्यातून अतिरिक्त विद्युतधारा वाहून तोही जळू शकतो. केवळ वरचा बदलल्यास नवा मॉसफेटही त्याच कारणाने जळतो. त्यांना चालवणारी ड्रायव्हर चिप सदोष असल्यासही हेच घडते. वरचा मॉसफेट शॉर्ट झाल्यास मूळ दाब थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचून तो नष्ट होऊ शकतो.

द्रव सांडल्याने चिपखाली होणारे क्षरण, बोर्ड वाकल्याने सिरॅमिक कपॅसिटरला जाणारे तडे आणि सततच्या तापण्या-निवण्याने डाखाच्या जोडांना येणारा थकवा ही अन्य कारणे होत.

निदानाची पद्धत

प्रथम अडॅप्टर व बॅटरी अलग करून सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डाची पाहणी करतात. नंतर मल्टिमीटरने प्रत्येक विद्युतमार्गाचा ग्राउंडशी असलेला रोध मोजून तो शक्यतो त्याच प्रकारच्या सुस्थितीतील बोर्डाशी ताडून पाहतात. प्रोसेसरच्या मुख्य विद्युतमार्गाचा रोध मुळातच अत्यल्प असतो, त्यामुळे त्याला शॉर्ट समजण्याची चूक होऊ शकते.

शॉर्टची जागा शोधण्यासाठी त्या मार्गावर त्याच्या नेहमीच्या मूल्याहून अधिक नसलेला दाब, विद्युतधारेवर मर्यादा घालून देतात. दोषी भाग तापतो व थर्मल कॅमेऱ्यात दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावल्यास ते तेथे सर्वांत आधी उडून जाते. भाग बदलल्यानंतर ऑसिलोस्कोपने ड्रायव्हरचे संकेत तपासून लॅपटॉप पूर्ण भाराखाली चालवून पाहणे आवश्यक असते.

उत्पादनातील दोष

काही वेळा दोष चिपमध्येच असतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपसाठीच्या आपल्या काही ग्राफिक्स चिपच्या वेष्टनातील साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. जीफोर्स ८६०० एम जीटी ही चिप असलेल्या काही मॅकबुक प्रो संगणकांनाही याची झळ पोहोचल्याचे अॅपलने त्याच वर्षी सांगितले.

चिपच्या आतील जोड तुटलेला असल्यास ती तापवल्याने काही काळ पुन्हा चालू लागते. परंतु तडा कायम राहतो. चिपखालील डाख बदलूनही हा दोष जात नाही, कारण तो त्या डाखात नसतो. तशाच चिपचा दुसरा बोर्ड बसवल्यास दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यता राहते. म्हणून एकच चिप वारंवार बंद पडत असल्यास दोष बोर्डाचा की चिपच्या रचनेचा, हे आधी ठरवावे लागते.