'फँड्री'तला बाप

गेल्या रविवारी कोपरीतल्या आमच्या घरी सर्वांनी बसून 'फँड्री' पुन्हा पाहिला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी लागला, तेव्हा आमचे सारे लक्ष जब्या आणि शालूकडे होते. शालूसाठी काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडणारा तो कैकाड्याचा शाळकरी पोर! सोमनाथ अवघडे याला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. या खेपेला मात्र नजर हलेना ती किशोर कदम यांच्या कचरूवरून.

वाचकहो, गावाकडच्या प्रेमकथेत बाप हा बहुधा आडवा येणारा असतो. कचरूला पोराचे प्रेम ठाऊकच नाही. मुलीचे लग्न तोंडावर आलेले, आणि गावाने सांगितले म्हणून डुकरे धरायची. 'सौमित्र' या नावाने कविता लिहिणारा हा नट इथे शब्द जवळजवळ वापरीतच नाही. वाकलेली पाठ, जोडलेले हात, आणि बोलताना समोरच्याच्या पायाकडे नजर. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, बापही थांबतो, डुक्कर निघून जाते. त्या उभे राहण्यात हा माणूस केवढा थकलेला आहे ते आम्हांला प्रथमच दिसले.

आईच्या कामात छाया कदम आहेत. पुढे २०१६ च्या 'सैराट'मध्ये पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी हैदराबादची अक्काही त्यांचीच. अशा नटांची नावे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात, याचे आम्हांला वाईट वाटते. तमिळमध्येही २०१८ साली मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ'मध्ये पोराच्या कॉलेजात अपमान सोसणारा बाप आहे. तो लोककलावंत थंगराज यांनी उभा केला.

आमच्या घरी अण्णा ऐंशीच्या पुढचे. गावच्या गोष्टी ते कधी काढीत नाहीत. नातवाने मध्येच विचारले, "आजोबा, हा सारखा हात का जोडतो?"

अण्णा पडद्याकडेच पाहत म्हणाले, "पोरीचं लगीन हाय त्याच्या घरी."

थोड्या वेळाने त्यांनी आम्हांला विचारले, "ह्यो खराच नट हाय का?"

"होय, अण्णा. कविताही लिहितात."

"आमचा बा असाच उभा ऱ्हायचा," अण्णा म्हणाले. नातू त्यांच्याजवळ सरकून बसला.